गर्भपातावर पुरुषांनी बोलावं का? बोलावं, पण सही तिचीच

प्रश्न थोडक्यात असा आहे. गर्भपातावर चर्चा चालू होती, एका पुरुषाने मत मांडलं, तर त्याला ऐकवलं गेलं की तुला गर्भाशय नाही, तेव्हा तू गप्प बस. आता तो विचारतोय की मूल दोघांचं असतं ना, मग बोलायचा अधिकार एकीलाच कसा? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुरुष आहे, आणि नको असलेलं किंवा मध्येच बिघडलेलं गर्भारपण घेऊन येणाऱ्या बायका हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे हे उत्तर देताना मला नुसती तत्त्वं आठवत नाहीत, समोर बसलेली माणसं आठवतात. माझं मत सरळ आहे. पुरुषांनी बोलावं, जरूर बोलावं. संमतीच्या कागदावर सही मात्र फक्त तिची. बहुतेक भांडणं होतात ती या दोन गोष्टी एकात एक कालवल्यामुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या घोषणेबद्दल. "गर्भाशय नाही तर मत नाही" हे ऐकायला कडक वाटतं, पण त्यामागचा राग समजून घ्या. बायकांच्या शरीराबद्दलचे कायदे पिढ्यानपिढ्या फक्त पुरुषांनी केलेत. इंग्लंडच्या १८६१ च्या कायद्यात स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, ब्रिटिशांनी भारतासाठी १८६० साली जी दंड संहिता केली त्यातल्या कलम ३१२ मध्येही गर्भपात करून घेणारी बाई स्वतःच गुन्हेगार ठरत होती, आणि हे कायदे जिथे मंजूर झाले तिथे मत द्यायला एकही बाई नव्हती. अगदी १९७४ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या आरोग्यमंत्री सिमोन वेल गर्भपाताचा कायदा मांडायला संसदेत उभ्या राहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळं सभागृह पुरुषांचं होतं, आणि एक बाई म्हणून जे वाटतं ते अशा सभागृहापुढे बोलतेय याबद्दल त्यांना सुरुवातीलाच माफी मागावी लागली. ज्या विषयात हे असं झालंय तिथे एखादी बाई वैतागून म्हणाली की आता तुम्ही जरा थांबा, तर मला त्यात काही चूक दिसत नाही. ती बोलायला बंदी घालत नसते, आजवर कोण बोलत आलंय याची आठवण करून देत असते.

पण नियम म्हणून ही घोषणा टिकत नाही. अमेरिकेत १९७३ साली रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य करणारे न्यायाधीश सगळेच्या सगळे पुरुष होते, नऊ जण, निकाल सात विरुद्ध दोन. ब्रिटनचा १९६७ चा गर्भपात कायदा डेव्हिड स्टील या तरुण खासदाराने मांडला. भारतात १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९७१ चा गर्भपाताचा कायदा आला. कॅनडात हेन्री मॉर्गेंटेलर हे डॉक्टर कायदा धुडकावून गर्भपात करत राहिले, तुरुंगात गेले, आणि शेवटी १९८८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला. आज आम्ही ज्या गोळ्या देतो त्यातली मिफेप्रिस्टोन बनवण्यामागचा मोठा शास्त्रज्ञ एतिएन-एमिल बोलिय, तोही पुरुषच. यातल्या कुणालाही "तुला गर्भाशय नाही" म्हणून गप्प बसवलं असतं तर नुकसान बायकांचंच झालं असतं. आणि उलट बाजूने बघा, गर्भपाताला विरोध करणाऱ्या बायकाही लाखोंनी आहेत. अमेरिकेत प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत गर्भपात सगळ्या किंवा बहुतेक परिस्थितीत कायदेशीर असावा असं म्हणणारे पुरुष ६१ टक्के होते आणि बायका ६४ टक्के. म्हणजे पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला असं चित्रच मुळात नाहीये. एखादा युक्तिवाद बरोबर की चूक हे तो कोणाच्या तोंडून आला यावर ठरत नाही.

फक्त एक फरक आहे आणि तो मी पुरुषांना नेहमी सांगतो. मुद्दा मांडायला गर्भाशय लागत नाही, पण माहिती लागते, आणि बायकांना ती शरीरातून मिळते, आपल्याला विचारून, वाचून, ऐकून मिळवावी लागते. ती न मिळवता बोलणारे पुरुष फार भेटतात. गर्भपात म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात एखादीचं मन बदललं आणि ती दवाखान्यात आली, असं चित्र डोक्यात धरून लोक तावातावाने बोलत असतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या सरकारी आकडेवारीत ८९ टक्के गर्भपात दहा आठवड्यांच्या आतले होते, आणि बरेचसे गोळ्यांनी झालेले. उशिरा येणाऱ्यांमध्ये काही बायका अशा असतात ज्यांना मूल हवंच होतं, नाव ठरलेलं असतं, आणि अठरा-वीस आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे गर्भात काही व्यंग आहे का ते बघणाऱ्या सोनोग्राफीत, मेंदू किंवा हृदय नीट बनलेलं नाही असं कळतं, कारण ते बरेचदा त्याआधी नीट दिसत नाही. बाकीच्या म्हणजे पाळी आधीपासूनच अनियमित असल्याने कळलंच नाही अशा, लहान मुली, जबरदस्ती झालेल्या, पैसे जमवण्यात आठवडे गेलेल्या. उशिरा होणाऱ्या गर्भपाताविरुद्ध ज्यांना बोलायचंय त्यांनी या बायकांना डोळ्यासमोर ठेवून बोलावं, मग त्यांचं मत काही का असेना, मी ऐकून घेईन.

आता सहीचा मुद्दा, कारण मूळ प्रश्नातला खरा सल तोच आहे. "मूल दोघांचं, मग निर्णय एकीचा का?"

हा प्रश्न कोर्टांपुढे अनेक वेळा गेलाय आणि उत्तर आश्चर्य वाटावं इतकं सारखं आलंय. १९७८ साली इंग्लंडमध्ये एका नवऱ्याने बायकोचा गर्भपात थांबवायला कोर्टात धाव घेतली, कोर्टाने नकार दिला, तो युरोपच्या मानवी हक्क आयोगाकडे गेला, तिथेही १९८० साली तेच झालं. अमेरिकेत मिसुरी राज्याने नवऱ्याची लेखी संमती सक्तीची केली होती, ती १९७६ च्या डॅनफोर्थ निकालाने रद्द झाली. तिथल्या न्यायाधीशांचं म्हणणं मला आजवरचं सगळ्यात स्वच्छ वाटतं. त्यांनी नवऱ्याला काहीच वाटत नसेल असं म्हटलं नाही, त्याचा संबंध खोल आहे हे मान्य केलं. पण दोघांचं मत वेगळं असेल तर कोणा एकाचंच चालणार, आणि गर्भ जिच्या शरीरात वाढतो, जिच्यावर थेट परिणाम होतो, पारडं तिच्या बाजूला झुकणार. बास. दोन माणसांत बहुमत होत नाही. मग १९८९ मध्ये कॅनडात एका माजी प्रियकराने मनाई हुकूम मिळवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि एकमताने निकाल लागला की बापाला असा नकाराधिकार कायद्यात कुठेच नाही. अमेरिकेत २०२२ च्या डॉब्स निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, विषय राज्यांकडे गेला, तरी डॅनफोर्थमधला तो साधा तर्क मला अजून कोणी खोडून दाखवलेला नाही.

भारतात तर कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. १९७१ च्या कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम ४ प्रमाणे गर्भवती स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, आणि ती सज्ञान असेल, मानसिक आजार नसेल, तर दुसऱ्या कोणाची संमती लागतच नाही. आम्ही ज्या कागदावर सही घेतो तो फॉर्म सी, त्यावर नवऱ्यासाठी रकानाच नाही. २०२१ च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फसल्याच्या कारणात "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" होतं तिथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" आलं, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अविवाहित बायकांनाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करू देणाऱ्या तरतुदीचा लाभ मिळायला हवा. त्याच निकालात कोर्टाने आमच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, कानाला धरलंय, की घरच्यांची संमती आणा, अमुक कागद आणा असल्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नका. तरीही "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल" हे वाक्य अजून बोललं जातं. डॉक्टर घाबरतात, उद्या नवऱ्याने येऊन गोंधळ घातला तर काय, म्हणून स्वतःच्या सुरक्षेसाठी सही मागतात. एका नवऱ्याने खरोखरच बायकोवर, तिच्या माहेरच्यांवर आणि डॉक्टरांवर भरपाईचा दावा लावला होता, तो हायकोर्टात टिकला नाही आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टातही नाही. तेव्हा ही भीती सोडून द्या असं मी माझ्या ज्युनियर्सना सांगत असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर चित्र अर्धं राहील. २००७ च्या समर घोष निकालात सुप्रीम कोर्टाने मानसिक क्रौर्याची उदाहरणं देताना म्हटलंय की बायकोने वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा त्याच्या नकळत गर्भपात केला तर ते क्रौर्य ठरू शकतं, तसंच नवऱ्याने बायकोच्या संमतीशिवाय नसबंदी केली तरी. म्हणजे गर्भपात थांबवायचा अधिकार नवऱ्याला नाही, पण घटस्फोटाच्या दाव्यात ही गोष्ट तो मांडू शकतो. मला हे पूर्ण पटत नाही, कारण ज्या घरात मार पडतो त्या घरातल्या बाईकडून "आधी सांग" ही अपेक्षा धरणं धोक्याचं आहे. पण ज्या लग्नात भीती नाही तिथे हे लपवलं गेलं तर दुसऱ्याला दुखणारच, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सगळे देश असे नाहीत हेही लक्षात ठेवा. जपानमध्ये १९४८ च्या कायद्याने जोडीदाराची संमती सक्तीची केली, तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने विवाहित बाईला नवऱ्याची संमती लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं याच्या बरोबर उलट आहेत, बाईशिवाय दुसऱ्या कुठल्याही व्यक्तीची किंवा संस्थेची परवानगी लागता कामा नये, असं त्यांत म्हटलंय.

"मग बापाला काहीच हक्क नाही का?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो, आणि याचं उत्तर द्यायला मला एक खटला फार उपयोगी वाटतो जो या चर्चेत क्वचितच कोणी काढतं. ब्रिटनमध्ये एका जोडप्याने २००१ साली आयव्हीएफ करून, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भधारणा करवून, सहा भ्रूण गोठवून ठेवले, कारण तिच्या दोन्ही अंडाशयांत गाठी सापडल्या होत्या आणि अंडाशयं काढावी लागणार होती. नंतर ते वेगळे झाले आणि त्याने संमती मागे घेतली. तिच्यासाठी स्वतःचं मूल होण्याची ती शेवटची संधी होती. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं आणि २००७ साली निकाल तिच्या विरुद्ध लागला, कारण ब्रिटिश कायद्यात भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कोणीही "नको" म्हणू शकतो. मन पिळवटून टाकणारी केस आहे. पण तर्क बघा. भ्रूण प्रयोगशाळेत आहे तोवर पुरुषाचा शब्द आणि बाईचा शब्द एकाच वजनाचा, तो एकटा सगळं थांबवू शकतो. तोच भ्रूण तिच्या शरीरात गेला की त्याचा नकाराधिकार संपतो. म्हणजे इथे पुरुष विरुद्ध बाई असं काही नाहीच, शरीर कोणाचं वापरलं जातंय एवढाच प्रश्न आहे. मूल दोघांचं असतं हे खरंच, पण गर्भारपण दोघांचं नसतं. नऊ महिने रक्त जवळपास दीडपट होतं, हृदयावर भार पडतो, काहींना ब्लडप्रेशर वाढून फिट्स येतात, काहींना प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ साली जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गर्भारपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी गेल्या. हा धोका दुसऱ्या माणसाने सही करून तिच्यावर लादायचा, हे मला एक डॉक्टर म्हणून मान्य होऊ शकत नाही.

पैशाचा मुद्दाही याच दमात येतो. तिला नको असेल तर ती गर्भपात करू शकते, मग मला मूल नको असेल तर मला पोटगीतून सूट का नाही? अमेरिकेत मिशिगनमध्ये एकाने हाच दावा लावला होता, २००७ मध्ये अपिलातही हरला. मला तो निकाल योग्य वाटतो. गर्भपात हा तिच्या शरीरापुरता निर्णय आहे आणि तो झाला की मूल नसतं. मूल जन्माला आलं की त्याला खायला लागतं, शाळा लागते, आणि तो हक्क त्या मुलाचा आहे, आईने बापावर लावलेला दंड नाही. हे अन्यायाचं वाटणाऱ्या पुरुषांचा त्रास मी समजू शकतो, पण त्याची किंमत तिसऱ्याच जिवाने का मोजायची.

आता ओपीडीत काय दिसतं ते सांगतो, कारण सही एकट्या तिची का हवी हे मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळलं. जोडपं आलं की मी थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलतोच, हा नियम आहे, त्याला अपवाद नाही, नवरा कितीही सज्जन दिसत असला तरी. काही बायका दार बंद झाल्यावर वेगळंच बोलतात. कोणी म्हणते मला हे मूल हवंय, पण हे म्हणतात आत्ता परवडत नाही, मी नाही म्हटलं तर सोडून जातील. कोणी बरोबर उलट, मला नकोय, पण त्यांनी मुद्दाम कंडोम काढला, माझ्या गोळ्या फेकून दिल्या, म्हणजे मी घरात अडकून पडेन. दोन्हीकडे पुरुषाचा आवाज खोलीत आधीपासून आहेच, आणि तो एवढा मोठा आहे की तिचा ऐकूच येत नाही. लोकांना वाटतं की सक्ती म्हणजे फक्त गर्भपात करू न देणं. जबरदस्तीने करायला लावणं ही पण तेवढीच सक्ती आहे, आणि अशा वेळी तिची संमती खरी नसेल तर मी गर्भपात करत नाही, कोणी कितीही दबाव आणला तरी. ज्यांना गर्भपाताला विरोध आहे त्यांनीही या नियमाच्या पाठीशी उभं राहायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण सही फक्त तिची असणं हे जसं गर्भपात हवा असलेल्या बाईचं संरक्षण आहे तसंच मूल हवं असलेल्या बाईचंही आहे.

हे सगळं वाचून असं वाटू नये की येणारे पुरुष वाईटच असतात. बहुतेक नसतात. बहुतेक जण गोंधळलेले असतात, बाहेर बाकावर फोन हातात धरून बसलेले, त्यांना कोणी काही विचारत नाही, आमचा स्टाफ पण नाही. ॲनॉमलीमुळे गर्भपात होतो तेव्हा सगळे तिची विचारपूस करतात, ते बरोबरच आहे, पण त्याचंही मूल गेलेलं असतं आणि त्याला सांगितलं जातं की तू खंबीर राहा. तिने गर्भपाताचा निर्णय घेतला आणि याला मूल हवं होतं, असेही पुरुष मी बघितलेत, आणि ते रडतात. त्यांच्या दुःखाला जागा हवी, काउन्सेलिंग हवं, बोलायला माणूस हवा. पण दुःख आहे म्हणून निर्णयाचा अधिकार मिळतो असं नाही. हे त्यांना सांगताना मला जड जातं, तरी सांगतो, आणि नीट सांगितलं तर बहुतेकांना पटतं.

पुरुषाचा आवाज कसा असावा याचं माझ्यासाठी सगळ्यात मोठं उदाहरण आयर्लंडमधलं आहे. सविता हलप्पनवार, ३१ वर्षांची, मूळची भारतीय, डेंटिस्ट. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा आठवड्यांची गर्भवती असताना गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाली, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तिने गर्भपाताची मागणी केली, पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून तो केला गेला नाही, आणि २८ ऑक्टोबरला ती सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने, गेली. आयर्लंडच्या घटनेत १९८३ पासून आठवी दुरुस्ती होती, गर्भाला आणि आईला जगण्याचा समान हक्क. हे जगाला कळलं ते तिच्या नवऱ्यामुळे. तो पत्रकारांशी बोलला, तिने काय मागितलं, तिला काय उत्तर मिळालं, हे त्याने जसंच्या तसं सांगितलं. तो तत्त्वज्ञान सांगत नव्हता, तिच्या वतीने निर्णयही घेत नव्हता, तिने जे मागितलं होतं आणि तिला जे नाकारलं गेलं ते लोकांपुढे ठेवत होता. २५ मे २०१८ ला सार्वमत झालं आणि ६६.४ टक्के मतांनी ती आठवी दुरुस्ती गेली. त्या मतांमध्ये पुरुषांची मतंही होतीच, त्यांना मतदान करू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. नागरिक म्हणून मत द्यायचा, भाषण करायचा, लेख लिहायचा, विरोधात मोर्चा काढायचा सुद्धा अधिकार पुरुषाला आहे, आणि तो काढून घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. माझी अपेक्षा एवढीच की बोलण्याआधी कोणीतरी जवळच्या बाईला विचारलेलं असावं आणि तिचं पूर्ण ऐकलेलं असावं. जवळपास प्रत्येक पुरुषाच्या ओळखीत गर्भपात झालेली बाई असते. त्याला ते माहीत नसेल तर त्याला सांगावंसं कोणाला वाटलेलं नाही, याचा त्याने विचार करावा.

आणि एक विषय असा आहे जिथे पुरुषांचा आवाज मला अजिबात ऐकू येत नाही, जिथे तो सगळ्यात जास्त हवाय. गर्भनिरोधन. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला साधारण १२ कोटी १० लाख गर्भधारणा अनियोजित असतात, एकूण गर्भधारणांच्या जवळपास निम्म्या. अशा दहापैकी सहा गर्भधारणांचा शेवट गर्भपातात होतो. आणि ही गर्भधारणा टाळायचं ओझं कोणावर आहे बघा. २०१९ ची जागतिक आकडेवारी सांगते की नसबंदीवर अवलंबून असलेल्यांत बायकांच्या शस्त्रक्रियेवाल्या सुमारे २१ कोटी ९० लाख, आणि पुरुषांच्या नसबंदीवाल्या १ कोटी ६० लाख. भारतात तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१, बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के निघाली. बायकांची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीने करावी लागते, पुरुषांची तेवढ्या भागापुरती भूल देऊन, वीस-एक मिनिटांत होते, तरी आकडे असे. गर्भपाताचं प्रमाण कमी व्हावं असं ज्या पुरुषाला मनापासून वाटतं, आणि वाटणं चांगलंच आहे, त्याच्या हातात इथे थेट काहीतरी आहे, त्यासाठी कोणाच्या शरीरावर हक्क सांगावा लागत नाही. ऐन वेळी बाहेर काढण्यावर भरवसा ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात वीसच्या आसपास बायकांना दिवस जातात. कंडोम लोक वापरतात तसा, म्हणजे कधी विसरून कधी उशिरा घालून, वापरला तर तेरा, नीट दरवेळी वापरला तर दोन. हे आकडे मी प्रत्येक जोडप्याला सांगतो आणि बोलताना मुद्दाम त्याच्याकडे बघून सांगतो.

शेवटी, तुमची जोडीदार उद्या तुम्हाला म्हणाली की पाळी चुकलीय, टेस्ट पॉझिटिव्ह आहे, तर तुमच्या आवाजाचं काय करायचं? पहिल्या दिवशी मत देऊ नका, तिला काय वाटतंय ते विचारा आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐका. तिने तुमचं मत विचारलं, आणि बहुतेकजणी विचारतातच, तर खरं सांगा. "तू म्हणशील तसं" म्हणून हात झटकू नका, त्याने ती एकटी पडते. मला हे मूल हवंय असं वाटत असेल तर तेही सांगा, फक्त एकदा सांगा, धमकी न देता, आणि त्यानंतर तिला ठरवू द्या. नोंदणीकृत डॉक्टरकडे लवकर जा, जेवढे आठवडे कमी तेवढं सोपं, आणि गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत तर वाढत नाही ना हे आधी बघावं लागतं, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून देऊ नका, हे काम हमखास पुरुषच करतात आणि त्यातून बिघडलेल्या केसेस आमच्याकडे येतात. गोळ्या दिल्या तर पहिली मिफेप्रिस्टोन, मग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मिसोप्रोस्टॉल, आणि खरा त्रास होतो तो दुसऱ्या गोळ्यांनंतर, पोटात जोराच्या कळा, पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव, मळमळ, थंडी वाजणं. त्या दिवशी सुट्टी काढा आणि घरी थांबा. सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, चक्कर येत असेल, ताप उतरत नसेल किंवा घाण वास येणारा स्राव असेल तर तिला "थोडं थांबून बघू" म्हणू नका, उचलून हॉस्पिटलला न्या. दोन आठवड्यांनी तपासणी असते, तेव्हाही तिच्यासोबत जा. आणि घरात आता आणखी मूल नकोच असं दोघांचं ठरलेलं असेल तर त्याच भेटीत तुमच्या नसबंदीचं डॉक्टरांना विचारा. ऑपरेशन झाल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका, साधारण तीन महिने लागतात, वीर्य तपासणीत शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात येईपर्यंत कंडोम वापरत राहा.